शहरात फिरण्यासाठी ट्रायपॉड घेताना वजनाआधी लांबी मोजा

गेल्या सहा वर्षांत मी तीन ट्रायपॉड विकत घेतले आणि त्यांपैकी दोन आज माळ्यावर आहेत. पहिला घेताना मी तो किती किलोचा भार पेलतो हे पाहिले, दुसरा घेताना त्याचे स्वतःचे वजन किती कमी आहे हे पाहिले. मिटल्यावर त्याची लांबी किती होते हा आकडा मात्र मी दोन्ही वेळा वाचून सोडून दिला. इंदूरच्या राजवाड्यापासून कृष्णपुरा छत्र्यांपर्यंत (होळकरांची दगडी स्मारके) आणि तिथून गांधी हॉलपर्यंत संध्याकाळी पायी हिंडणाऱ्या माझ्यासारखीला ट्रायपॉड उपयोगी पडतो की नाही, हे मुख्यतः त्या तिसऱ्या आकड्यावर ठरते, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

आधी एका रास्त शंकेचे उत्तर द्यायला हवे. आजच्या अनेक कॅमेऱ्यांमध्ये सेन्सरच कंप शोषून घेतो आणि उच्च आयएसओलाही, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता वाढवूनही, चित्र बऱ्यापैकी स्वच्छ येते. मग हे लोढणे हवेच कशाला? कृष्णपुरा छत्र्यांवर दिवे लागल्यानंतरचे उदाहरण घेऊ. समजा, एफ/८ (लेन्सचे छिद्र; आकडा लहान तितके छिद्र मोठे), आयएसओ १०० आणि ४ सेकंद असा हिशोब बसला. तेवढाच प्रकाश मला एफ/२.८, आयएसओ १६०० आणि साधारण १/३० सेकंदातही मिळतो आणि १/३० सेकंद हातात कॅमेरा धरून सहज जमतो. केवळ छत्री उजळ दिसावी एवढीच अपेक्षा असेल, तर ट्रायपॉड घरी ठेवावा. परंतु त्या ४ सेकंदांत पुलावरून जाणाऱ्या वाहनांच्या दिव्यांच्या रेघा होतात, घाटावरून चालणारी माणसे विरघळून दगड तेवढा स्थिर राहतो आणि कान्ह नदीच्या पाण्यातले प्रतिबिंब गुळगुळीत होते. वेळ चित्रात उतरावा अशी इच्छा असेल, तरच ट्रायपॉडची गरज आहे. माझ्या चित्रांपैकी दहातील दोन-तीनच अशी असतात आणि म्हणूनच उरलेल्या सात-आठ चित्रांच्या वेळी तो त्रास देणार नाही असाच असावा लागतो.

माझा पहिला ट्रायपॉड २ किलो ३०० ग्रॅमचा होता आणि मिटल्यावरही त्याची लांबी ६० सेंटीमीटर होत असे. उभा राहिला की तो खांबासारखा राही, यात शंका नाही. पण पाठीवरच्या पिशवीत तो मावत नसे. बाहेर पट्ट्याने बांधला, तर स्कूटरवर मागच्या माणसाला टोचे, ई-रिक्षात आडवा धरावा लागे आणि मुख्य म्हणजे कुठल्याही फाटकावरच्या पहारेकऱ्याला तो दुरूनच दिसे. पिशवीबाहेर ट्रायपॉड दिसला की माणूस हौशी न राहता "शूटिंगवाला" होतो आणि मग प्रश्नोत्तरे सुरू होतात. चार-पाच फेऱ्यांनंतर मी तो नेणेच सोडले. आई त्याला "तिवई" म्हणते. मी तो घेऊन निघाले की "तीन तिगाडा, काम बिघाडा" हे ठरलेले वाक्य येई आणि त्या वर्षापुरते तरी ते खरे ठरले.

त्यावर उतारा म्हणून दुसरा घेतला तो जेमतेम ८०० ग्रॅमचा, पाच टप्प्यांत उलगडणारा, मिटल्यावर ३५ सेंटीमीटरचा. लांबी उत्तम होती, पण येथे मी दुसऱ्या टोकाला गेले. पाय पूर्ण उघडले की शेवटची नळी करंगळीएवढी बारीक. थोडे गणित सांगते, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. भिंतीची जाडी आणि धातू तोच ठेवला, तर पोकळ पातळ नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २२ मिलिमीटरच्या नळीपेक्षा २८ मिलिमीटरची नळी सव्वापट ताठ नसून जवळजवळ दुप्पट ताठ असते; आणि उलट, २२ मिलिमीटरपासून उतरत उतरत १० मिलिमीटरवर आलेली शेवटची नळी पहिल्या नळीच्या दहाव्या हिश्शाएवढीही ताठ राहत नाही. मिटल्यावरची लांबी कमी करण्यासाठी टप्पे वाढवले की ही किंमत मोजावीच लागते. माझ्या त्या ट्रायपॉडवर शटरचे बटण दाबल्यावर पडद्यावरचे चित्र थरथरत राही आणि जरा वारा सुटला की दहापैकी सहा चित्रे टाकून द्यावी लागत. नंतर नंतर मी शेवटचा टप्पा न उघडता काम भागवू लागले. पण मग त्याची उंची गुडघ्याच्या थोडी वर एवढीच राही.

तिसरा ट्रायपॉड या दोन चुकांच्या मधोमध आहे: चार टप्पे, मिटल्यावर ४० सेंटीमीटर, वजन दीड किलोच्या आसपास, ॲल्युमिनियमचा. पाय वर उलटे मिटून डोक्याला, म्हणजे कॅमेरा बसतो त्या भागाला, कवेत घेतात, त्यामुळे एवढी लांबी साधते. ही रचना आता बहुतेक कंपन्यांच्या प्रवासी ट्रायपॉडमध्ये आढळते आणि मॅनफ्रोटोची बीफ्री मालिका याच मापांच्या आसपास आहे. माझ्या रोजच्या पिशवीत तो आत, उभा, पाण्याच्या बाटलीशेजारी बसतो. घरून निघताना "आज नेऊ की नको" हा प्रश्नच पडत नाही. आधीच्या दोघांच्या बाबतीत तो दर वेळी पडत असे आणि उत्तर बहुधा "नको" असे येत असे.

हा घेतला तेव्हा पुण्यात शिकणारा माझा भाचा फार नाराज झाला होता. "मावशी, घेतेच आहेस तर कार्बनचा घे ना, आयुष्यात एकदाच घ्यायचा असतो," असे त्याने तीन वेळा फोन करून सांगितले. कार्बन फायबरचे गुण मी नाकारत नाही: ते हलके असते, कंप लवकर शमवते आणि कडाक्याच्या थंडीत हाताला ॲल्युमिनियमसारखे चटके देत नाही. हा शेवटचा गुण इंदुरात वर्षातून फार तर पंधरा दिवस कामाला येईल. राहिले वजन. पीक डिझाइन कंपनीचा प्रवासी ट्रायपॉड २०१९ साली आला तेव्हा त्याची ॲल्युमिनियम आवृत्ती सुमारे ३५० डॉलरला आणि कार्बनची सुमारे ६०० डॉलरला होती. वजनातला फरक मात्र ३०० ग्रॅमच्या आतच होता. मिटल्यावरची लांबी दोन्हींची एकच, सुमारे ३९ सेंटीमीटर. दिवसभर डोंगर चढणाऱ्याला ३०० ग्रॅम जाणवतील, हे मान्य. तीन तासांच्या शहरी फेरफटक्यात, ज्यात दोनदा बसून पोहे आणि चहा होतो, ते मला जाणवत नाहीत. भाच्याचे मत अजून बदललेले नाही आणि दिवाळीत हा वाद पुन्हा होईल.

उंचीबद्दलही थोडा भ्रम आहे. ट्रायपॉड डोळ्यांच्या उंचीपर्यंत आलाच पाहिजे, हा नियम फक्त व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) असलेल्या काळातला होता. आता पडदा वळवून वरून पाहता येते. राजवाडा सात मजली आहे, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे. त्याच्यासमोर उभे राहून कॅमेरा सव्वा मीटरवर असला काय नि दीड मीटरवर असला काय, चित्रात काही फरक पडत नाही. तिथे उभ्या रेषा सरळ ठेवायच्या, तर कॅमेरा वर न कलवता जितके मागे सरकता येईल तितके सरकणे हाच उपाय आहे. गांधी हॉल, म्हणजे १९०४ साली किंग एडवर्ड हॉल म्हणून उभी राहिलेली घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत, याबाबतीत सोयीची आहे, कारण तिच्यासमोर मोकळी जागा आहे. जाहिरातीतली "कमाल उंची" तर मधला दांडा पूर्ण वर काढून मोजलेली असते आणि दांडा वर काढला की तीन पायांवर एक काठी उभी केल्यासारखे होते. खरेदी करताना दांडा खाली असतानाची उंची विचारावी. सव्वाशे सेंटीमीटर मिळाली तर पुरे आहे.

आता सराफा. इथे माझे मत काही मित्रांना कडवट वाटेल: रात्री सराफ्यात उभा ट्रायपॉड नेऊ नये, कितीही हलका असला तरी. सव्वा मीटर उंचीला पाय नेहमीच्या कोनात उघडले की जमिनीवर त्यांचा घेर मीटरभराहून जास्त व्यासाचा होतो. दागिन्यांची दुकाने बंद झाल्यावर त्यांच्याच पुढ्यात भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलेबीच्या कढया लागतात. त्या गल्लीत खांद्याला खांदा लागत असतो आणि लोकांच्या हातात गरम द्रोण असतात. तिथे मीटरभर जागा अडवणे म्हणजे अतिक्रमणच होय. एकदा मी हा प्रयोग केला. एका मुलाचा पाय अडकला, कॅमेरा मी कसाबसा धरला आणि मुलाच्या वडिलांची मी तीनदा क्षमा मागितली. ती बाजू सावरते न सावरते तोच मागून एका गृहस्थांनी विचारले, "क्यों मैडम, मेट्रो का नाप ले रिये हो क्या?" त्यांना वाईट हेतू नव्हता, पण मी त्याच रात्री धडा घेतला. आता सराफ्यासाठी पिशवीत २०० ग्रॅमच्या आतला, वीतभर उंचीचा टेबल ट्रायपॉड असतो. बंद दुकानाच्या ओट्याच्या कोपऱ्यावर तो ठेवला की कोणाच्या पायात येत नाही. ओटा नसेल तिथे तो भिंतीला किंवा खांबाला टेकवून हाताने दाबून धरते आणि अर्ध्या सेकंदाचे चित्र निभावते. मोबाइलवर चित्रे काढणाऱ्यांनी तर एवढाच घ्यावा, वर मोबाइल धरणारा चिमटा लावावा. अनेक फोन आपण स्थिर आहोत हे ओळखून रात्रीच्या चित्राची वेळ आपणहून वाढवतात. अनंत चतुर्दशीच्या, गिरण्यांच्या झाँकींच्या (फिरत्या देखाव्यांच्या) रात्री मात्र मी हाही नेत नाही. गिरण्या बंद पडून इतकी वर्षे झाली, तरी त्या मिरवणुकीला रस्त्यावर जी गर्दी लोटते, तिच्यात कॅमेरा गळ्यात आणि दोन्ही हात मोकळे हेच बरे.

दुकानात काय तपासावे, याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. डब्यावर छापलेला "भार ८ किलो" हा आकडा कंपन्या आपापल्या पद्धतीने ठरवतात, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करून काही हाती लागत नाही. शिवाय साधारण ६५० ग्रॅमची बॉडी आणि ७०० ग्रॅमची लेन्स मिळून दीड किलोही होत नाही. त्याऐवजी स्वतःचा कॅमेरा आणि आपली सर्वांत जड लेन्स सोबत न्यावी. पाय पूर्ण उघडून, मधला दांडा खालीच ठेवून कॅमेरा बसवावा, डोके ४५ अंशांत कलवून घट्ट करावे, पडद्यावर चित्र दहापट मोठे करून समोरच्या भिंतीवरचे एखादे अक्षर मध्यभागी आणावे आणि मग हात काढून घ्यावा. अक्षर फार खाली-वर सरकले तर बॉल हेड (गोळ्यावर फिरणारे डोके) कमकुवत आहे. ते थोडे सरकणारच, पण चौकटीच्या कडेला गेले तर तो ट्रायपॉड परत द्यावा. नंतर एका पायाला टिचकी मारून चित्र किती वेळात शांत होते ते मोजावे. दोन सेकंदांच्या आत शांत झाले तर कॅमेऱ्याचा दोन सेकंदांचा टायमर पुरतो. हे सगळे करताना दुकानदार अस्वस्थ होतो. त्याला होऊ द्यावे. माझ्या दुसऱ्या ट्रायपॉडच्या वेळी मी संकोच केला आणि तो संकोच महाग पडला.

पायांच्या टप्प्यांची कुलपे पिळून उघडणारी की खटक्याची, यावर लोक तावातावाने बोलतात. मला दोन्ही सारखीच वाटतात. कॅमेऱ्याखाली लावायची प्लेट मात्र आर्का पद्धतीची (अनेक कंपन्यांची सामाईक खाच) असावी, म्हणजे टेबल ट्रायपॉडवरही तीच चालते.

एक गोष्ट ट्रायपॉडच्या माथी उगाच मारली जाते. कृष्णपुरा पुलावर उभे राहून छत्र्यांचे चित्र काढताना बस गेली की पूलच हलतो आणि त्यावरचा सर्वांत महागडा ट्रायपॉडही त्याच्यासोबत हलतो. तिथे वाहनांच्या दोन लोंढ्यांमधली फट पाहून बटण दाबावे किंवा सरळ घाटावर उतरावे. वारा असेल तर पिशवी मधल्या दांड्याखालच्या हुकाला अडकवावी, पण ती जमिनीला किंचित टेकलेली असावी; अधांतरी लटकली तर तीच झोके घेऊन थरथर वाढवते. जुन्या लेन्सचे स्टॅबिलायझेशन (कंप शोषण्याची सोय) ट्रायपॉडवर बंद करावे. आणि मांडूला जाणार असाल तर जहाज महालासारख्या पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांत ट्रायपॉडसाठी आधी परवानगी लागते, हे घरूनच लक्षात घ्यावे. तिथे फाटकावर वाद घालून उपयोग होत नाही.

माळ्यावरचा तो २ किलो ३०० ग्रॅमचा ट्रायपॉड मी विकणार नाही. गच्चीवर चंद्राची चित्रे काढायला आणि घरात आईच्या जुन्या छायाचित्रांच्या प्रती वरून काढायला तो अगदी योग्य आहे, कारण तिथे त्याला जिन्यापलीकडे न्यावे लागत नाही. दुसरा मात्र कोणाला हवा असल्यास फुकट घेऊन जावा. शेवटचा टप्पा उघडू नका, एवढीच अट आहे.