खुलासा : पाठीतील वेदनाशामक यंत्राने वजन वाढत नाही
‘पाठीत बसवलेल्या यंत्राच्या विजेमुळे चरबी वाढते, ते काढून टाका’ असा मजकूर कोल्हापुरातील व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. १९६७ पासून माणसांवर वापरात असलेले हे तंत्र (स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन) दीर्घकाळचे दुखणे कमी करण्यासाठी मज्जारज्जूला केवळ सौम्य विद्युत्‌स्पंदने देते, शरीरात औषध सोडत नाही. वजन वाढते ते बहुधा दुखण्यामुळे हालचाल थांबल्याने किंवा प्रीगॅबालिनसारख्या (नसांच्या दुखण्यावरील) औषधांनी, आणि पुष्कळदा यंत्र बसवण्याआधीच. उलट संबंध मात्र खरा आहे : लठ्ठपणात यंत्र बसवताना केलेल्या शस्त्रक्रियेच्या जखमेला जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो, आणि चरबीखाली खोल गेलेली बॅटरी बाहेरून चार्ज करणे अवघड होते. रंकाळ्यावर पुन्हा फिरू लागलेल्या रुग्णाला अशा मजकुराने घाबरवणे क्लेशदायक आहे. यंत्र किंवा गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.