पाण्याचा थेंब पडला म्हणून चॉकलेट फेकू नका

पाहुण्यांसाठी घरी चॉकलेट फॉन्ड्यू, म्हणजे वितळवलेल्या कोमट चॉकलेटमध्ये फळं बुडवून खायचा प्रकार, करायच्या भानगडीत पडू नका, असं बजावणारा एक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्यात चार कारणं दिली आहेत. पाण्याचा एक थेंब पडला तरी सगळं चॉकलेट वाया जातं. बर्नरसकट खास संच लागतो. सगळं ऐनवेळीच करावं लागतं. आणि ही शेकडो वर्षांची स्विस परंपरा असल्याने घरी ती चव येणारच नाही. मेसेज वाचून माझ्या एका मैत्रिणीने ठरलेला बेत रद्द केला, म्हणून हे लिहायला बसले.

थेंबाची भीती उगाच नाही. चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या बियांमधल्या स्निग्धांशात, विखुरलेले साखरेचे आणि कोकोचे अगदी बारीक कण. त्यात थोडंसं पाणी गेलं की कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि गुळगुळीत चॉकलेटचा बघता बघता रवाळ गोळा होतो. मेसेज इथेच थांबतो. पण हे घडतं ते पाणी थोडं असल्यामुळे. पुरेसं असलं तर साखर त्यात विरघळते आणि मिश्रण पुन्हा सैल होतं. फॉन्ड्यूत आपण क्रीम घालतोच, आणि क्रीममध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं! फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्वे तीस यांनी तर १९९५ मध्ये चॉकलेट आणि पाणी एवढ्यावरच, गार करत फेटून, मूस हा फेसासारखा हलकाफुलका गोड पदार्थ करून दाखवला.

मागे एकदा झाकणावर जमलेली वाफ माझ्याच पातेल्यात टपकली. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट, आणि त्यात चमचा उभा राहील असा गोळा. बाहेर पाहुणे बसलेले. गरम दूध एकेक मोठा चमचा घालत ढवळत राहिले. पहिल्या दोन चमच्यांना ते आणखीच फुटल्यासारखं दिसलं. हात थांबतो तो इथेच, आणि इथेच थांबायचं नसतं. चौथ्या चमच्याला कडेने चकाकी आली आणि मग सगळंच एकजीव झालं. असं चॉकलेट साच्यात घालून कडक सेट करायला चालत नाही, फळं बुडवायला मात्र उत्तम.

संचाचं म्हणाल तर चीज फॉन्ड्यूचा स्पिरिटवरचा बर्नर चॉकलेटला उलट घातकच. कोको बटर ३४ अंशांच्या आसपासच वितळतं. डार्क चॉकलेट ५० अंशांच्या आणि दुधाचं किंवा पांढरं ४५ च्या फार पुढे गेलं की करपण्याचा धोका असतो. जाड सिरॅमिकचा वाडगा आणि खाली एक छोटी मेणबत्ती, किंवा वाडगा गरम पाण्यात ठेवला तरी भागतं. चॉकलेट मात्र वडीचं घ्या, चिप्स नकोत. चिप्स भट्टीत आकार टिकावा म्हणून बनवलेल्या असतात, त्यामुळे मिश्रण जाडसर राहतं.

परंपरेच्या मुद्द्यात नुसती गल्लत आहे. जुना आणि स्विस आहे तो चीजचा फॉन्ड्यू. चॉकलेटचा प्रकार १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या ‘शॅले स्विस’ या रेस्टॉरंटमध्ये कोनराड एग्ली यांनी सुरू केला.

राहिलं ऐनवेळीचं. चार-पाच जणांसाठी २०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा. २०० मिली क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून त्यावर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर ढवळत या. दुधाचं चॉकलेट असेल तर क्रीम कमी घ्या. हे आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवता येतं. दुसऱ्या दिवशी वाफेवर सैल करायचं, लागलं तर चमचाभर दूध घालून. फळं धुऊन खरोखर कोरडी करा आणि अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा, गार फळावर चॉकलेटचा जाड थर बसतो. ऐनवेळी कापायची ती फक्त केळी आणि सफरचंद. सुकामेवा वेगळ्या वाटीत ठेवा आणि कुणाला त्याची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा, हे मात्र विसरू नका.

मैत्रिणीचा बेत पुन्हा ठरलाय. तिला एवढंच सांगितलंय, की पातेल्यावर झाकण ठेवू नकोस, आणि शेजारी थोडं गरम दूध असू दे.