चित्र पाहून शब्द ओळखणे म्हणजे वाचन नव्हे

“मुलांना अक्षरे शिकवू नका, फक्त पुस्तकांच्या सहवासात ठेवा, वाचन आपोआप येईल” अशा आशयाचा चार मुद्द्यांचा एक संदेश सध्या पालकांमध्ये फिरत आहे. माझ्याकडे तो आला तेव्हा मी दुर्लक्ष केले. परंतु तो वाचून माझ्या धाकट्या बहिणीने आपल्या सात वर्षांच्या मुलाचा अक्षरांचा सराव महिनाभर बंद ठेवल्याचे कळले, आणि मग गप्प बसवेना.

बोलणे जसे आपोआप येते तसेच वाचनही येते, हा त्यातला पहिला मुद्दा. बोलणाऱ्या माणसांत वाढणारे मूल सहसा न शिकवता बोलू लागते, हे खरे. लेखन मात्र माणसाने जेमतेम पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वी घडवलेली युक्ती आहे. कोणत्या खुणेचा कोणता उच्चार, हे कोणीतरी सांगावेच लागते.

दुसरा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो: शब्द अडला तर मुलाला चित्र पाहून अंदाज करू द्यावा. भाच्यासमोर मी एक गोष्टीचे पुस्तक ठेवले. पानावर झोपडीचे चित्र होते आणि खाली “घर लहान होते” असे वाक्य. त्याने न अडखळता “झोपडी छोटी होती” असे म्हटले. मी चित्रावर तळहात ठेवला, तेव्हा तो ‘घ’ की ‘ध’ यापाशीच थांबला आणि पुस्तक सोडून माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागला. महिनाभरात त्याला लागलेली सवय ती हीच. वरच्या इयत्तांत पुस्तकांतली चित्रे कमी होतात, अनोळखी शब्द वाढतात, आणि अंदाजावर निभावून नेणारे मूल तिथे अडकते; तोवर त्याला वाचता येत नाही हे कोणाच्या लक्षातही आलेले नसते. संदर्भाचा उपयोग वाचलेल्या शब्दाचा अर्थ लावण्यासाठी होतो, पण आधी तो शब्द अक्षरांवरून उच्चारता आला पाहिजे. अमेरिकेतील नॅशनल रीडिंग पॅनेल या वाचन-शिक्षणावरील संशोधन तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने २००० साली आपल्या अहवालात या विषयावरील ३८ अभ्यास एकत्र तपासले, आणि अक्षर व ध्वनी यांचे नाते क्रमाने, पद्धतशीरपणे शिकवल्याने मुलांचे वाचन अधिक सुधारते, असा निष्कर्ष काढला. ते अभ्यास इंग्रजी वाचनाचे होते, हे मान्य. पण इंग्रजीच्या बेभरवशाच्या स्पेलिंगमध्येही जर हे नाते शिकवणे उपयोगी पडते, तर अक्षर आणि उच्चार यांचा मेळ कितीतरी अधिक नियमित असलेल्या देवनागरीत अंदाजाचा आधार घ्यावाच कशाला?

प्रत्येक मूल दृश्य, श्राव्य किंवा स्पर्श यांपैकी आपल्या एका शैलीनेच शिकते, या तिसऱ्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ साली या समजुतीचा आढावा घेतला. तिच्या आधारे अध्यापनाची आखणी करावी इतका पुरावा त्यांना सापडला नाही.

घोकंपट्टीने वाचनाची गोडी जाते हा चौथा मुद्दा अर्धा खरा आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. तेच अक्षर पानभर गिरवायला लावले तर मूल कंटाळणारच. त्याच पॅनेलने केवळ अक्षर-ध्वनी पुरेसे नाहीत, ओघवते वाचन, शब्दसंग्रह आणि आकलन यांवरही काम हवे, असे सांगितले आहे. पण कंटाळा येतो म्हणून अक्षरेच सोडून द्यावीत, हे कुठले तर्कशास्त्र? ‘वाट’मधला ‘वा’ काढून ‘ला’ ठेवला तर काय होईल, ‘घा’ ठेवला तर काय होईल, हा खेळ भाच्याने पाच मिनिटांत लाट, घाट, पाट असा स्वतःच पुढे नेला, आणि प्रत्येक शब्द पाटीवर लिहूनही दाखवला. आता बहीण त्याच्याकडून रोज दहा मिनिटे असे शब्द वाचून घेते, त्यांतलेच शब्द असलेली दोन-चार वाक्ये चित्र झाकून वाचायला देते, आणि त्यानंतर त्याच्या आवडीची, त्याला अजून स्वतः वाचता न येणारी मोठी गोष्ट स्वतः मोठ्याने वाचून दाखवते.