रेकॉर्ड तुटला? शूज की डोपिंग ते पटकन ठरवा, लोक वाट बघतायत

मॅरेथॉनचा नवा रेकॉर्ड झाला की तुमच्याकडे फार तर दहा मिनिटं असतात, तेवढ्यात मत ठरवून मोकळं व्हायचं. नंतर ग्रुपवर "काय पळालाय राव" म्हणणारे भोळे आणि "ते शूज काढा आणि मग पळा" म्हणणारे हुशार अशी वाटणी झालेली असते, आणि तुम्ही मधेच स्प्लिट्स, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा, बघत बसलात तर तुम्हाला कुणी हिंग लावून विचारणार नाही. आकडे बघायचेच असतील तर मत ठरल्यावर बघा, तेव्हा बरोबर हवे तेच सापडतात.

पहिला प्रश्न एकच, धावलं कोण? रस्ता कसा होता, पेसर (पुढे पळून वेग धरून देणारे) किती होते, थंडी होती का, हे सगळं फालतू. आवडता असेल तर शूज. कालपर्यंत नाव ऐकलेलं नसेल तर डोपिंग. आणि फारच आवडता असेल तर शूजसुद्धा नाही, नुसती मेहनत, शिस्त, उगाली (तिकडची मक्याची उकड) आणि केनियातल्या इटेनची हवा. इटेन नकाशावर कुठे आहे हे ठाऊक असायची गरज नाही, "२४०० मीटर उंची आहे हो तिथे" एवढं म्हटलं की समोरचा गप्प बसतो.

समजा तुम्ही शूज पार्टीत गेलात. मग गोष्ट २०१७ पासून सुरू करायची, त्याआधी माणसं पळत नव्हती असं धरून. त्या वर्षी नायकेचा व्हेपरफ्लाय आला, खाली पेबॅक्सचा हलका उसळणारा फोम आणि आत कार्बनची प्लेट, आणि कोलोरॅडो विद्यापीठात १८ धावपटूंवर टेस्ट करून सांगितलं की त्याच वेगाने पळायला सरासरी ४ टक्के कमी एनर्जी लागते. त्या अभ्यासाला पैसा नायकेचा होता, लेखकांत नायकेची माणसं होती. हे शेवटचं वाक्य मात्र डोपिंग पार्टीत गेल्यावर आठवायचं, आत्ता नको.

आता ४ टक्के एनर्जी म्हणजे ४ टक्के वेळ, असा सरळ हिशोब करायचा. कुणी म्हणेल की एलिट वेगाला हवेचा रोध वगैरे असतो, एनर्जीतली बचत वेळेत जशीच्या तशी उतरत नाही. त्याला म्युट करा. कारण सरळ हिशोब केला तर डेनिस किमेट्टोच्या २०१४ च्या रेकॉर्डमधून, २:०२:५७ (दोन तास, दोन मिनिटं, सत्तावन्न सेकंद) मधून, ४ टक्के काढले की १:५८:०२ येतात, आणि प्रत्यक्षात २०१८ ला बर्लिनमध्ये किपचोगेसारखा किपचोगे ते शूज घालून पळाला तेव्हा आले २:०१:३९. म्हणजे एक टक्का आणि वर चिल्लर. उरलेले तीन टक्के कुठे गेले हे विचारू नका, किमेट्टो आणि किपचोगे ही दोन वेगळी माणसं आहेत हे तर त्याहून विचारू नका.

ब्रिजिड कोसगेचं उदाहरण मात्र हाताशी ठेवा, ते सोन्यासारखं आहे. पॉला रॅडक्लिफचा २००३ चा लंडनचा २:१५:२५ हा बायकांचा रेकॉर्ड सोळा वर्षं कुणाच्या बापाला तुटला नाही, आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कोसगेने शिकागोत २:१४:०४ केले. आदल्याच दिवशी व्हिएन्नात किपचोगे १:५९:४० पळाला होता, ४१ पेसर आलटून पालटून पुढे ठेवून, पुढे गाडी, रस्त्यावर लेझरची रेघ, आणि पायात नायकेच्याच नव्या अल्फाफ्लाय शूजचं प्रोटोटाइप. तो अधिकृत रेकॉर्ड धरलाच नाही, तरी वादात वापरायला काहीच हरकत नाही, वादात अधिकृत असं काय असतं.

मग वर्ल्ड ॲथलेटिक्स ही खेळाची जागतिक संघटना जागी झाली. ३१ जानेवारी २०२० ला नियम आला की सोल ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको, प्लेट एकच, आणि शू चार महिने बाजारात विकत मिळत असला पाहिजे. पुढच्या आठवड्यात नायकेने दुकानात विकायची अल्फाफ्लाय दाखवली, जाडी ३९.५ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर नियमाचा आदर म्हणून सोडला असणार. यावर शूज पार्टीने हसायचं, डोपिंग पार्टीने पण हसायचं, दोघांना एकत्र हसायची संधी तशी कमीच मिळते.

एक अभ्यास मात्र चुकूनही फॉरवर्ड करू नका. सात जागतिक दर्जाच्या केनियन धावपटूंना ट्रेडमिलवर साधे पातळ रेसिंग शूज आणि हे नवे शूज घालून पळवलं, तर नव्या शूजमध्ये एकाला ११.४ टक्के फायदा आणि एकाला ११.३ टक्के तोटा. तोटा! म्हणजे एकाच गल्लीतले दोघे सारख्याच शूजमध्ये पळतायत आणि एकाच्या पायात इंजिन, दुसऱ्याच्या पायात लोढणं. हे एकदा बाहेर पडलं की "शूजमुळे पळाला" हे वाक्य कुणाही एका माणसाबद्दल खात्रीने बोलता येत नाही, आणि मग आपण बोलायचं तरी काय.

बरं, शूजचा कंटाळा आला असेल तर डोपिंग पार्टीत या, इथे गोष्टी जास्त रंगतदार आहेत. सुरुवात चीनपासून. १९९३ मध्ये मा जुन्रेन नावाच्या कोचच्या मुलींनी रेकॉर्डची अशी काही धूळधाण केली की जग बघत राहिलं, वांग जुनशियाचे १० हजार मीटरचे २९:३१.७८ तर २०१६ पर्यंत टिकले. कोच म्हणाले कासवाचं रक्त आणि हिमालयातली अळीबुरशी, बाकी काही नाही. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकआधी रक्ततपासणी झाली आणि त्यांच्या सहा मुली संघातून बाहेर, आणि २०१६ ला त्या मुलींचं एक जुनं पत्र छापून आलं, त्यात डोपिंगची कबुली होती. गंमत बघा, तोच रेकॉर्ड त्याच २०१६ ला रिओत इथिओपियाच्या अल्माझ अयानाने २९:१७.४५ ने मोडला आणि डोपिंगबद्दल विचारल्यावर ती म्हणाली की माझं डोपिंग म्हणजे येशू. पायात तेव्हा साधे स्पाइक्स, सुपर फोमचे स्पाइक्स अजून बाजारात यायचे होते. आता शूज पार्टीने या रेसचं काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.

ईपीओ हा शब्द मधूनमधून टाकत जा, वजन येतं. शरीरातल्या लाल पेशी वाढवतं, ऑक्सिजन जास्त पोचतो, बस. ग्लासगोमध्ये नियमित व्यायाम करणाऱ्या पुरुषांना चार आठवडे ईपीओ देऊन ३००० मीटर पळवलं तर वेळ ५-६ टक्क्यांनी सुधारली. म्हणजे इंजेक्शन शूजच्या वरचढ आणि ४० मिलिमीटरची अटही नाही.

आणि केनियाची मॅरेथॉनवाली रूथ चेपनगेटिच. ही केस पाठ करून ठेवा. २०२२ ला शिकागोत २:१४:१८, २०२४ ला त्याच शिकागोत २:०९:५६. चार मिनिटं बावीस सेकंद कमी, आणि शूज तर दोन्ही वेळी नव्या जमान्याचेच. इथे शूज पार्टीवाले अचानक पाणी प्यायला जातात. मग १४ मार्च २०२५ च्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायझाइड सापडलं, आपल्याकडे निम्म्या काका-काकूंच्या डब्यात असते ती बीपीची, लघवी वाढवणारी गोळी. खेळात बंदी, कारण लघवी पातळ झाली की दुसरं काही लपवायला सोपं. चालतं २० नॅनोग्रॅमपर्यंत, सापडलं ३८००. आधी म्हणाली कसं आलं कळत नाही, नंतर म्हणाली बरं नव्हतं म्हणून कामवालीची गोळी घेतली. तीन वर्षांची बंदी. आणि २:०९:५६? निकालानंतरही पुस्तकात जागच्या जागी, कारण गोळी सापडली ती रेकॉर्डनंतर पाच महिन्यांनी. म्हणजे दोन्ही पार्ट्यांना जे पाहिजे ते या एकाच केसमध्ये मिळतं, भांडण संपायची भीतीच नाही.

विल्सन किपसांगसुद्धा सांगा, पण चहा घेऊन सांगा. २०१३ ला २:०३:२३ चा वर्ल्ड रेकॉर्ड करणारा माणूस. टेस्टवाले त्यानेच सांगितलेल्या ठिकाणी गेले तर साहेब गायब. मे २०१९ ची टेस्ट का चुकली तर म्हणे रस्त्यात अपघात होऊन गाडी आडवी झालेली, हा घ्या फोटो. चौकशी केली तर फोटोतला अपघात ऑगस्टमधला! तीन महिन्यांनी होणाऱ्या अपघातात जो मे महिन्यात अडकतो त्याच्या वेगाची चर्चा शूजवर कशी होणार, तो काळाच्या पुढे पळत होता. २०२० ला चार वर्षांची बंदी. (आपल्याकडे ऑफिसला उशीर झाला की पंक्चर सांगतात, निदान तारीख तरी बरोबर असते.)

आता एक नाजूक वळण. केनियाचं नाव निघालं की नाक मुरडायचं, "तिकडे सगळेच घेतात हो", आणि मग कुणीतरी भारताचं नाव काढेल. तेव्हा एकदम सूर बदलायचा. "आपल्या मुलांना माहिती नसते, कोच फसवतात, सप्लिमेंटमध्ये भेसळ असते." २०२४ च्या वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) आकड्यांत भारताच्या ७११३ नमुन्यांपैकी २६० पॉझिटिव्ह निघाले, ३.६ टक्क्यांच्या वर, पण ही आपली निरागसता आहे आणि त्यांचा तो कट. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाची, म्हणजे आपल्याकडच्या डोपिंगविरोधी संस्थेची, माणसं स्टेडियममध्ये आली म्हटल्यावर १०० मीटरच्या फायनलला एकच गडी उभा राहिला, बाकीच्यांना एकाच वेळी काहीतरी दुखायला लागलं. स्टीपलचेसमधली एक ज्युनियर मुलगी तर फिनिश लाइन ओलांडूनही पळतच राहिली, मागे डोपिंग ऑफिसर. आता हे अंतर कुणी मोजलं नाही याचं वाईट वाटतं. शूज कुठले होते तेही कुणी बघितलं नाही.

शूज पार्टीतला कुणी फार चढून बोलायला लागला तर शिवनाथ सिंग काढा. अनवाणी धावणारा म्हणून ज्याची ओळख, त्या माणसाने १९७८ ला जालंधरमध्ये २:१२:०० पळून जो भारतीय रेकॉर्ड केला तो कार्बन प्लेट आली, फोम आला, एनर्जी जेल आलं तरी चाळीसहून जास्त वर्षं हलला नाही. समोरचा गप्प. फक्त त्याने उलट विचारलं की मग या वर्षांत आपल्याकडे ट्रेनिंगचं काय झालं, तर तुम्हाला लगेच कॉल आलाय.

सगळ्यात धोकादायक प्राणी म्हणजे "दोन्ही असू शकतं" म्हणणारा. हा सांगेल की २०१७ नंतर जपानी, अमेरिकन कॉलेजची पोरं, पन्नाशीचे हौशी, सगळेच एकदम फास्ट झाले आणि सगळ्यांनी एकाच वर्षी इंजेक्शन सुरू केलं असेल हे पटत नाही, म्हणून गर्दीची सरासरी सरकली ती बहुतेक शूजने, बायकांची तर पुरुषांपेक्षा जास्त. पण एखादाच माणूस त्या सरकलेल्या गर्दीच्याही कितीतरी पुढे गेला तर शूज हे उत्तर पुरत नाही, आणि टेस्टमध्ये निगेटिव्ह म्हणजे एवढंच की त्या दिवशी त्या बाटलीत काही सापडलं नाही. असा माणूस ग्रुपवर असेल तर ॲडमिनला सांगा. सगळा मूड घालवतात हे लोक.

राहता राहिला तुमचा स्वतःचा टायमिंग. वीस हजारांच्या पुढचे शूज तुम्ही घेतलेतच, तेव्हा ताशी १० किलोमीटरच्या वेगाला त्यांचा फायदा सरासरी जेमतेम एक टक्का निघतो आणि कुणाकुणाला तोही नाही, असले अभ्यास वाचू नका, पाच तासांत मॅरेथॉन म्हणजे तर साडेआठचाही वेग नाही. जानेवारीत मुंबईला पीबी (स्वतःचा आजवरचा बेस्ट टायमिंग) आला तर ती मेहनत, शूजचं नावही काढायचं नाही, फोटोत मात्र ते दिसले पाहिजेत. पीबी नाही आला तर दमट हवा, पेडर रोडचा चढ, आणि सकाळी उगाच घेतलेली ती पेनकिलर. तिचं नाव बंदीच्या यादीत आहे का ते कशाला बघताय, तुमची टेस्ट घ्यायला येतंय कोण?