कर्व्हविषयी नाशिककरांस हिताच्या चार गोष्टी

भल्या पहाटे रामकुंडावर जाऊन टिपलेले छायाचित्र जसे आले तसेच लोकांपुढे ठेवणे हा आपल्या सॉफ्टवेअरचा अपमान आहे, हे आपण जाणताच. म्हणून प्रथम त्यातील कर्व्हची, म्हणजे चित्राच्या छटा उजळ वा गडद करणाऱ्या रेघेची, चौकट उघडावी. खालच्या डाव्या कोपऱ्यातील काळ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यातील पांढऱ्यापर्यंत, म्हणजे ० पासून २५५ पर्यंत, एक तिरकी रेघ तेथे निमूट पडलेली असते. आडव्या अक्षावर मूळ छटा, उभ्या अक्षावर बदललेली छटा, एवढाच तिचा अर्थ. रेघ सरळ असेपर्यंत चित्र बदलत नाही, आणि न बदललेल्या चित्राला लाइक कोण देणार?

तेव्हा रेघेला इंग्रजी एस अक्षराचा आकार द्यावा आणि तो देताना हात आखडू नये. रेघ जेथे ४५ अंशांहून अधिक चढते तेथे काँट्रास्ट, म्हणजे उजळ व गडद छटांतील फरक, वाढतो व जेथे ती आडवी होऊ लागते तेथे घटतो, अशी कुरकूर काही जाणते करतात. ती मनावर घेऊ नये. समजा, ९६ ते १६० या मधल्या छटा ताणून आपण ६४ ते १९२ पर्यंत पसरवल्या, तर त्यांच्याखालच्या ९६ छटांना, सिंहस्थात पंचवटीतल्या पाहुण्यांप्रमाणे, ६४ जागांत दाटीवाटीने राहावे लागेल. राहू द्यावे. काळाराम मंदिराच्या काळ्या पाषाणावरील कोरीवकाम नेमके त्याच अंधाऱ्या छटांत असते हे खरे, परंतु ते पाहायचेच असेल त्याने प्रत्यक्ष मंदिरात जावे. अगदीच कोणी तक्रार केली, तर रेघेचे डावे टोक थोडे वर उचलावे, म्हणजे चित्रात काळा रंगच उरणार नाही आणि पाषाण राखाडी दिसेल. त्यालाही हरकत नसावी. नाशकात गोरेराम मंदिरही आहेच.

पुढे निळ्या चॅनेलकडे, म्हणजे चित्रातील केवळ निळ्या रंगाच्या हिश्शाकडे, वळावे. त्याच्या रेघेचे खालचे टोक वर व वरचे टोक खाली ओढले की घाटावरच्या सावल्या निळ्या पडतात, ऊन पिवळे होते आणि स्नानाला आलेल्या भाविकांना एकजात कावीळ झाल्यासारखी दिसते. यालाच हल्ली सिनेमॅटिक म्हणतात. कर्व्हचा ब्लेंड मोड, म्हणजे बदल चित्रात मिसळण्याची रीत, ल्युमिनॉसिटी (केवळ उजळपणापुरती) ठेवला, तर काँट्रास्ट वाढूनही रंग फारसे भडकत नाहीत, म्हणून त्या पर्यायाला चुकूनही हात लावू नये.

हे सारे ८ बिटच्या, म्हणजे प्रत्येक चॅनेलमध्ये २५६च छटा असलेल्या, जेपेगवर, अॅडजस्टमेंट लेअर (मूळ चित्राला धक्का न लावणारा वेगळा थर) न घेता, पुन्हा पुन्हा करावे. गंगापूर धरणावरच्या संध्याकाळच्या आकाशात मग पट्टे उमटतील. ते ढग आहेत असे ठामपणे सांगावे. शेवटी मूळ फाइलवरच सेव्ह करून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद, त्याच रात्री पुसून टाकावी, नाहीतर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या शेंदराचा खरा रंग कोणता, असे कोणी विचारल्यास तो दाखवण्याची पाळी यायची.