अहो, आधी गाणं तर होऊ द्या!

कोजागिरीला आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गच्चीवर गाणी होतात. यंदा वहिनीने कवी ग्रेस यांचं ‘ती गेली तेव्हा रिमझिम’ बसवलं होतं. महिनाभर, ऑफिसातून आल्यावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आहे, खायचं काम नाही. ऐकताना साधी वाटते, म्हणायला घेतली की घाम फोडते. मी पेटीवर, सूर काळी पाच. मुखडा झाला, वहिनीने पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, "एक मिनिट हं. यातली ‘ती’ कोण, माहितीये ना सगळ्यांना?"

झालं. बसलं गाणं.

एक मिनिट म्हणे! पंचवीस मिनिटं मी भात्यावर हात ठेवून मख्खासारखा बसलोय आणि पुढ्यात मसाला दुधावर साय धरतेय. एक म्हणतो प्रेयसी. दुसरा म्हणतो छे, आई. अरे, ग्रेसांनी कवितेतच ‘ती आई होती’ असं लिहून ठेवलंय! याहून स्पष्ट काय लिहायचं कवीने, खाली सही-शिक्का मारायचा? पण कॉलेजात प्रेमभंगाला हेच गाणं लावून रडलेल्यांना ते पटत नाही. बरं, आई मान्य झाली, तर गाडी ‘गेली’वर अडली. गेली म्हणजे वारली की घर सोडून गेली? सख्खी की सावत्र? आणि मग पिस्ते चघळत कवीच्या घरातल्या बायकांची चौकशी सुरू. तुमच्या आईबद्दल असं गच्चीवर बोललेलं चालेल का हो?

त्यात "मला त्यांनी स्वतः सांगितलंय"वाले. ग्रेस नागपूरचे, 26 मार्च 2012 ला गेले ते पुण्यात. तेवढ्या भांडवलावर इथे प्रत्येक पेठेत त्यांचा एकेक जिवलग निघतो. आमचे काका त्यातलेच. "घरोबा होता आमचा," म्हणाले आणि पुढच्याच वाक्याला ग्रेस हे टोपणनाव हॉलिवूडच्या ग्रेस केलीवरून घेतल्याचं ठोकून दिलं. काका, इन्ग्रिड बर्गमनच्या सिनेमातल्या संवादावरून घेतलंय ते! घरोबा म्हणे.

मला ग्रेस कळतो असा दावा नाही. मेघांत अडकलेली किरणं सूर्य सोडवतोय म्हणजे नेमकं काय, हे मला आजही सांगता यायचं नाही. पण गाण्यात खिडकीवरचा तो धुरकट कंदील आला की माझा घसा दाटतो. दरवेळी. त्या कंदिलापर्यंत पोचू तरी द्यायचं होतं वहिनीला!

दहा वाजले, माईक बंद करायचा नियम. वहिनीने वही मिटली. वर तेच काका तिला म्हणतात, "छान म्हटलंत हो!" काय म्हटलं तिने? दोन ओळी!

लिफ्टपाशी त्यांचं पुढच्या वर्षीचं ठरत होतं, ग्रेसांचंच ‘भय इथले संपत नाही’ घेऊ या म्हणून. दार लागायच्या आत, भय म्हणजे नक्की कशाचं, यावर दोघांची जुंपलीसुद्धा. मी पेटी खांद्यावर घेतली आणि पाच मजले जिन्याने उतरलो.