खोक्यातलं दूध, फॉर्मेलिन आणि न लागलेलं विरजण

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: खोक्यातलं दूध फ्रिजबाहेर सहा महिने टिकतं, म्हणजे त्यात फॉर्मेलिन (जंतू मारणारं रसायन) असणारच. त्याला विरजण लागत नाही, हा पुरावा. त्यापेक्षा गोठ्यातलं दूध आणून उकळा, त्यात औषधं नसतात.

आधी फॉर्मेलिन. पिशवीतलं दूध साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलेलं असतं. रोगजंतू मरतात, पण बॅसिलससारख्या जंतूंचे बीजाणू (उष्णतेला सहज दाद न देणारी त्यांची सुप्त रूपं) तगतात, म्हणून ते फ्रिजमध्येच ठेवायचं. खोक्यातलं, म्हणजे यूएचटी दूध १३५ ते १४५ अंशांवर २ ते ५ सेकंद तापवून लगेच गार करतात. त्यात बहुतेक सगळे बीजाणूही मरतात. मग हायड्रोजन पेरॉक्साइडने निर्जंतुक करून गरम हवेने सुकवलेल्या वेष्टनात ते भरतात. नासवणारं आत जवळपास कुणी उरलंच नाही, तर फॉर्मेलिन घालून करायचं काय? शिवाय विक्रीच्या दुधात ते घालणं बेकायदा आहे. (कायद्याने ते पडतं तपासणीसाठी घेतलेल्या नमुन्यात, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत नासू नये म्हणून!) काही खोक्यांवर ३३१ हा क्रमांक दिसतो. ते सायट्रेट, तापवताना प्रथिनं फाटू नयेत म्हणून घालतात, जंतू मारायला नव्हे.

खोकं फोडलं की मात्र हे कवच संपलं. उरलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवून दोनेक दिवसांत संपवा. ते आंबट न होता नुसतं कडवट होऊनही बिघडतं, त्यामुळे आंबट वासाची वाट पाहू नका. न फोडलेलं खोकं फुगलं असेल तर सरळ टाकून द्या.

न फोडलेलं दूधही कधी कडू होतं किंवा जेलीसारखं घट्ट होतं. त्याचं मूळ बहुधा कच्च्या दुधात असतं. स्यूडोमोनास जातीचे जंतू ४ ते ७ अंशांच्या गारव्यातही वाढतात आणि प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) सोडतात. जंतू ७२ अंशांनाच मरतात, विकर १४० अंशांनंतरही थोडं शिल्लक राहतं आणि महिनोन्‌महिने काम करत बसतं. हेच जंतू कच्चं दूध गार ठेवणाऱ्या कूलरच्या नळ्या, व्हॉल्व्ह आणि रबरी गॅस्केटवर चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, धरतात. नुसतं पाणी किंवा क्लोरीन फिरवून तो निघत नाही, वरचे जंतू मरतात आणि आतले वाचतात. म्हणून कूलर धुण्याचा क्रम महत्त्वाचा: आधी कोमट पाणी (कढत पाण्याने प्रथिनं भाजून चिकटतात), मग १ ते १.५ टक्के कॉस्टिक सोडा ७५ ते ८० अंशांवर, पुन्हा पाणी, मग दुधाचे क्षार काढायला नायट्रिक ॲसिड, निर्जंतुकीकरण शेवटी. झिजलेलं गॅस्केट धुण्यापेक्षा बदललेलं बरं.

आता विरजण. यूएचटी दुधाला ते लागतं. ४० ते ४२ अंशांपर्यंत कोमट करून ताजं, जिवंत विरजण घाला. दही जरा सैल होतं, इतकंच. विरजण ताजं, ऊब पुरेशी, तरीही दूध लागलंच नाही, तर अँटिबायोटिकची शंका घ्यावी, आणि ही शंका गोठ्यातल्या दुधाला जास्त लागू पडते. कासदाह, म्हणजे जनावराच्या कासेला सूज, झाला की सडात औषधाची ट्यूब सोडतात. ते औषध दुधात उतरतं आणि दह्याचे जंतू त्यानेच मरतात. पेनिसिलिन घरच्या उकळीने फारसं नाहीसं होत नाही. औषधावर दूध न विकण्याचा काळ लिहिलेला असतो, तो पाळायचा. तसा काळ ठरवलेला नसेल, तर औषधांबाबतच्या २०१२ च्या नियमानुसार दुधासाठी किमान ७ दिवस.